डीजे सेट घ्यायचाय, कुठल्या कंपनीचा घ्यावा? (नाशिक)

सिडकोकर
मंडळी, या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, तेव्हा चूकभूल माफ.

चिरंजीवांची बारावी झाली. मार्क बरे पडले. मामाने वीस हजार बक्षीस कबूल केलं, तेवढेच मी घालणार. पोराला हवाय डीजे. हे ऐकून घरात दोन दिवस अबोला होता, कारण आमच्याकडे डीजे म्हणजे विसर्जनाच्या दिवशी दूध बाजारातून मुंगीच्या पावलांनी सरकणारा, खिडक्यांची तावदानं हलवणारा टेम्पो. शेवटी पोराने फोटो दाखवला. हार्मोनियमपेक्षा पातळ, दोन गोल ताटल्या आणि मधे बटणांचा बाजार. याला म्हणे कंट्रोलर म्हणतात. आवाज यातून येतच नाही म्हणतो. मग चाळीस हजार कशाचे?

तर प्रश्न : कंपनी कुठली? नवा की जुना? आणि यावर कधी चार पैसे मिळतात का, की हौसच?

गोदाकाठचा_गडी
घेऊ नका. आमच्या गल्लीत आधीच सात आहेत.

ठोका_चुकला
सिडकोकर काका, मी मूळचा गंगापूर रोडचा, सध्या पुण्यात नोकरी. आठ वर्षं हौस म्हणून वाजवतोय. सोपं करून सांगतो.

गाणी लॅपटॉपमध्ये असतात, मिसळण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. कंट्रोलर म्हणजे त्या सॉफ्टवेअरला लावलेले हात. एक गाणं लोकांना ऐकू जात असताना दुसरं फक्त तुमच्या हेडफोनमध्ये वाजतं. त्याचा ठेका पहिल्याशी जुळवायचा आणि हळूच आत सोडायचं. ताटली फिरवून गाणं पुढेमागे ढकलायचं, उभ्या पट्टीने वेग कमीजास्त करायचा. बस, एवढंच. आणि हे एवढंच यायला वर्ष जातं.

शिकणाऱ्यांत सध्या सगळ्यात जास्त दिसतो तो पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४. २०२२च्या शेवटी आला, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही सॉफ्टवेअरांवर चालतो, मोबाईललाही जोडता येतो. न्यूमार्कचे मिक्सट्रॅक मालिकेतले सेट आहेत, त्यांच्या ताटल्या मोठ्या आणि हाताला बऱ्या. तिसरी हर्क्युलिस, ही फ्रेंच कंपनी. त्यांच्या इनपल्स मालिकेत ठेका जुळत नसेल तर कुठल्या बाजूला सरकवायचं हे दिवे दाखवतात, अगदीच नवख्याला बरं पडतं. मला विचाराल तर एफएलएक्स४. पुढे कुठल्याही क्लबात गेला तरी समोर त्याच घराण्यातलं यंत्र असतं, हात बसलेला असतो.

लॅपटॉप आहे ना घरी? तो पकडून बजेट असेल तर गणित बदलेल.

बेसवाला_पंचवटी
ठोका भाऊंनी सांगितलं ते खोलीत बसून वाजवायचं. मी २२ वर्षं साऊंड भाड्याने देतो, हळदी, साखरपुडे, जयंत्या, सगळं. साहेब, पब्लिकला कंट्रोलर दिसत नाही, पब्लिकला टॉप (वरचा, बारीक आवाजाचा स्पीकर) आणि बेस (खालचा, धडधडणारा) ऐकू येतो. पोरं तीस-चाळीस हजार बटणांत घालतात आणि वायर आणतात पन्नास रुपयांची.

एक किस्सा सांगतो. मागच्या लगीनसराईत ओझरजवळ एका लॉन्सवर हळद होती. डीजे पोरगा मुंबईहून आलेला, सामान एकदम चकाचक. वायर लावली आणि टॉपमधून घूंऽऽऽ. पोरगा कंट्रोलरला शिव्या देतोय, नवरदेवाचा मामा मला. मी काही न बोलता त्याच्या लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली. घूं गायब. जनसेटचं अर्थिंग एकीकडे, चार्जरचं दुसरीकडे, आणि मधे पंधरा मीटर आरसीए वायर, ती टीव्हीला लावतात तसल्या लाल-पांढऱ्या पिनांची. लग्नातल्या दोन व्याह्यांसारखं, दोघांचं जमत नाही आणि ओरडा मधल्याला. लॅपटॉप तासभर बॅटरीवर चालवला, तोवर गाडीतून आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगचा दुवा तोडणारी डबी, आणून लावला.

तुमच्या त्या एफएलएक्स४ला मागे फक्त आरसीएच आहे. वाईट नाही, पण माहीत पाहिजे. आरसीए वायर दोनतीन मीटरच्या वर नेऊ नका. तिथे एक छोटा मिक्सर ठेवा आणि पुढे एक्सएलआरने, म्हणजे तीन पिनांच्या वायरने जा. एक्सएलआरमध्ये एकच सिग्नल सुलट आणि उलट असा दोन तारांतून जातो, वाटेतला कचरा दोन्हींवर सारखाच बसतो आणि पलीकडे एकमेकांत वजा होतो. हे एवढं कळलं तर पोरगा निम्म्या डीजेंच्या पुढे गेला समजा.

पंचवटीची_सून
व्याही एकदम बरोब्बर 😂 आमच्याकडे अजून मिटलेलं नाही. आयसोलेटर कुठे मिळतो?

सिडकोकर
लॅपटॉप आहे, बहिणीचा जुना. बेसवाला भाऊ, तुमचा निरोप पोराला वाचून दाखवला. "हे काका भारी आहेत" म्हणाला. माझ्याबद्दल असं कधी म्हणालेला नाही.

एक शंका. मेनरोडजवळच्या एका दुकानात गेलो होतो. तो म्हणतो पायोनियरचं नाव आता 'अल्फाथीटा' झालंय. मला वाटलं डुप्लिकेट माल गळ्यात मारतोय, उठून आलो. खरं आहे का हे?

जुनी_तबकडी
दुकानदार खरं बोलला, काका. जाऊन माफी मागा आणि दहा टक्के कमी करून घ्या.

पायोनियर ही जपानी कंपनी. २०१५मध्ये तिने डीजे विभागाचा मोठा हिस्सा केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकला. २०२०मध्ये त्या वेगळ्या झालेल्या कंपनीचं नाव अल्फाथीटा झालं आणि त्याच वर्षी ती नोरित्सु या जपानी कंपनीकडे गेली. तरी मालावर 'पायोनियर डीजे' छापणं चालूच होतं, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. २०२४पासून नव्या यंत्रांवर अल्फाथीटा दिसायला लागलं. लोणचं तेच, बरणीवरची चिठ्ठी बदलली.

याच अल्फाथीटाने सेराटो ही न्यूझीलंडची सॉफ्टवेअर कंपनी विकत घ्यायचा घाट घातला होता. यंत्रही त्यांचं आणि सॉफ्टवेअरही त्यांचंच झालं तर बाकीच्यांनी जायचं कुठे, म्हणून २०२४मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने नकार दिला. दुसऱ्या बाजूला इनम्युझिक नावाची अमेरिकी कंपनी आहे. न्यूमार्क, डेनॉन डीजे, रेन ही तिचीच लेकरं. म्हणजे दुकानात दहा नावं दिसतात, पण घरं दोनच मोठी.

आता खरा मुद्दा. या सगळ्यांचा आजोबा म्हणजे टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र. बनवणारी कंपनी मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासोनिक. १९७२ साली आला, तोही घरी बसून निवांत ऐकणाऱ्यांसाठी. तोवरच्या बऱ्याच टर्नटेबलांत मोटर आणि तबकडीच्या मधे रबरी पट्टा असायचा. हाताने तबकडी धरली की पट्टा घसरायचा, सोडली की वेग पकडायला वेळ लागायचा. यात मोटर थेट तबकडीखाली. १९७९च्या एमके२ मॉडेलला वेगाची उभी पट्टी आली, अधिक-उणे ८ टक्के, आणि थांबलेली तबकडी ०.७ सेकंदात पूर्ण वेगात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या हिप-हॉपवाल्या पोरांना नेमकं हेच हवं होतं. २०१०ला उत्पादन बंद केलं, जग हळहळलं, २०१६ला परत सुरू. तुमच्या मुलाच्या कंट्रोलरवर उजव्या हाताला जी उभी पट्टी आहे ना, ती तिथूनच आलेली.

ठोका_चुकला
तबकडीकाका, सीडीजे विसरलात.

जुनी_तबकडी
विसरलो नाही, दम घेत होतो. २००१ला पायोनियरचा सीडीजे-१०००, म्हणजे सीडी वाजवणारं डीजेचं यंत्र, आला आणि सीडी तबकडीसारखी पुढेमागे ओढता यायला लागली. २०२०च्या सीडीजे-३०००मध्ये मात्र सीडी घालायची फटच नाही. नावात सीडी, पोटात पेनड्राइव्ह. आमच्या 'दूध बाजारा'त आता दूध शोधावं लागतं, तसंच.

सातपूरचा_फिटर
एवढं सगळं कशाला? आमच्या कंपनीतला एक जण व्हर्च्युअल डीजे टाकून नुसत्या लॅपटॉपवर हळदी मारतो. दोन हजाराचा माऊस पण नाही त्याच्याकडे. सुपारी जोरात चालू आहे. सिंक दाबला की ठेका आपोआप जुळतो, मग चाळीस हजार कशाला घालवायचे?

ठोका_चुकला
फिटर भाऊ, सिंक चालतो कधी? गाणं कॉम्प्युटरच्या ठेक्यावर बनलेलं असेल तेव्हा. सॉफ्टवेअर गाण्यावर सारख्या अंतराच्या रेघा मारतं आणि दोन गाण्यांच्या रेघा जुळवतं. आता जुनी कोळीगीतं, भीमगीतं, गोंधळ घ्या. ही जिवंत वादकांनी वाजवलेली, ढोलकीवाला रंगात आला की वेग चढतो, कडव्याला उतरतो. सॉफ्टवेअरच्या रेघा सरळ आणि गाणं लाटांवर. सिंक दाबून बघा, अर्ध्या मिनिटात दोन ढोलक्या घोड्यांच्या टापांसारख्या ऐकू येतात. त्यात कोळीगीताचा झोका सहा मात्रांचा आणि पुढचं गाणं चार मात्रांचं असेल तर देवच वाली.

इथे हात आणि कानच लागतात. नाशिकच्या हळदीत कोळीगीतं टाळून कुठे जाल? सिंकवर शिकलेली पोरं म्हणूनच दोन गाण्यांच्या मधे ती बंदुकीची आणि सायरनची क्लिप टाकतात. चूक झाकायला.

बेसवाला_पंचवटी
सायरनचं एकदम खरं. माझ्याकडे एक पोरगा एका हळदीत एकतीस सायरन वाजवून गेला. माझ्या पोऱ्याने मोजले.

सातपूरचा_फिटर
बरं, सिंकचं पटलं. पण त्याची सुपारी चालू आहे हे पण खरं. पब्लिकला कळतं का? नाही कळत.

ठोका_चुकला
कळत नाही, पण पाय थांबतात. का थांबले ते कळत नाही एवढंच.

भद्रकालीतला_वैतागलेला
तुम्ही सगळे कौतुकाने बोलताय म्हणून लिहितो. आमचं घर मिरवणुकीच्या वाटेवर. आईला दोन वर्षांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी झाली. विसर्जनाला आम्ही तिला आदल्या दिवशीच इंदिरानगरला मावशीकडे नेतो. दरवर्षी. स्वतःच्या गावात, स्वतःच्या सणाला, आम्ही घर सोडतो. तुमच्या पोराला डीजे नका देऊ, तबला द्या.

सिडकोकर
भाऊ, वाचून वाईट वाटलं. आईंना नमस्कार. पण पोराचा तो टेम्पो नाही हो, पाटाएवढी वस्तू आहे.

जुनी_तबकडी
घोळ शब्दाचा आहे. डीजे म्हणजे डिस्क जॉकी, वाजवणारा माणूस. आपल्याकडे तो शब्द स्पीकरच्या भिंतीला चिकटला. 'डीजेवर बंदी' अशी बातमी येते तेव्हा टेम्पोवर रचलेल्या खोक्यांवर बंदी असते आणि माझा पुतण्या घरात हेडफोन लावून घाबरून बसतो.

वीजमंडळ_निवृत्त
बॅनरवर '४०,००० वॅट' लिहितात त्याबद्दल थोडं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, नुसता जाणवण्यापुरता. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. म्हणून शेजारच्या मंडळापेक्षा 'दुप्पट' व्हायचं तर चारच्या जागी चाळीस खोकी. ही शर्यत कोणीच जिंकत नाही, फक्त डिझेल जळतं. त्यातही बॅनरवरचे वॅट बहुधा क्षणभराचे, कागदावरचे. स्पीकर घेताना सतत किती वॅट सोसतो तो आकडा बघा.

दुसरं, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. भद्रकालीच्या बोळात तो भिंतींवर आपटून तिथेच फिरतो. तोच सेट गोल्फ क्लब मैदानावर सुसह्य आणि जुन्या नाशकात असह्य, यात नवल काही नाही.

बेसवाला_पंचवटी
निवृत्त साहेब, पटलं. माझ्या बाजूनेही ऐका. आवाज वाढव म्हणणारा मी नसतो. मंडळाचं पोरगं मशीनजवळ (ॲम्प्लिफायरजवळ) येतं, 'काका, त्यांचा जास्त वाजतोय' म्हणतं आणि हात घालतं. मशीनची लाल लाईट पेटून राहिली की समजायचं, लाटेचा माथा चपटा झाला. मग बेस राहतो बाजूला, टॉपच्या आतला पातळ पडदा जळतो. त्याचे पैसे मंडळ देत नाही. इसार घेतो तेव्हाच सांगतो, लाल लाईट पेटली की मशीन बंद. दोन सुपाऱ्या गेल्या त्यापायी. जाऊ दे.

कानाची_डॉक्टरीण
हेडफोन लावून बसलेल्या पुतण्याला निरोप द्या. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, १००ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा सुचवली. डीजेला बाहेरचा आवाज आणि त्यावर मात करणारा हेडफोन असा दुहेरी मार बसतो. गणपतीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे 'कानात शिट्टी वाजते' म्हणून पोरं येतात. काहींची जाते, काहींची राहते. कानातले प्लग घ्या, कंट्रोलरच्या मानाने फुकटच.

ढोल_माझा
आणि ढोल? आम्ही पथकवाले आहोत, ढोल सुद्धा काही कुजबुजत नाही. पण केरळात आणि मंगळूरकडे लग्नात 'नासिक ढोल' या नावाने वाजवतात, हे माहितीये का? गावाचं नाव आपण ढोलाने तिकडे पोचवलं. टेम्पोने कुठे पोचवलंय?

गोदाकाठचा_गडी
पोलीस ठाण्यात.

निफाडकर_वकील
🙏 गडीभाऊ. कायद्याचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र, पण २०१७पासून सरकारने तसं जाहीर केलं असेल तरच. खासगी जागेत वाजवलंत तरी तुमच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच्या वर जायला नको, हे सिडकोतल्या गच्चीलाही लागू.

कमाई करायची असेल तर आणखी एक. गाणी वाजवायचा परवाना लागतो का, यावर लॉन्सवाले घाबरवतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. थर्टीफर्स्टची तिकीट पार्टी त्यात बसत नाही.

पंचवटीची_सून
म्हणजे वर्षभर लग्नंच लावत राहायची.

सातपूरचा_फिटर
विषयांतर : रंगपंचमीला रहाडीवर यंदा कोण कोण होतं? पेशव्यांच्या काळापासून रंगाच्या हौदात धप्पाधप उड्या, तिथे कुठला ब्रँड लागत नाही.

ढोल_माझा
मी होतो. तीन दिवस कानातून रंग निघत होता. डॉक्टरीणबाई, त्यावर काही?

कानाची_डॉक्टरीण
त्यावर वेगळा धागा काढा.

सिडकोकर
मंडळी, कळवायचं राहिलं, मधे दोन महिने गेले.

एफएलएक्स४ घेतला, नवाच. जुना एक बघितला होता, स्वस्त होता, पण ठोका भाऊंना व्यनि (खासगी निरोप) केला तर त्यांनी सांगितलं की वेगाची पट्टी मधोमध आणून आकडा शून्यावर स्थिर राहतो का बघा. नाचत होता. परत आलो. उरलेल्या पैशांत हेडफोन, कानाचे प्लग आणि एक छोटा मिक्सर.

पहिले दीड महिने घरात एकच गाणं चार-चार तास. हिच्या तोंडात बसलं ते. पोळ्या लाटताना म्हणते. पोराने हट्टाने सिंकच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवलीये.

पहिला कार्यक्रम सोसायटीच्या कोजागरीला झाला. भाड्याचे दोनच टॉप, बेस नाही. वकील साहेबांचं वाचून हद्दीवर, म्हणजे जोशी काकूंच्या खिडकीशी, मोबाईलवर आवाज मोजला. मोबाईलचं खरं किती मानायचं ते निवृत्त साहेबांनी सांगावं. एका कोळीगीतावरून दुसऱ्यावर जाताना एकदा घसरला, घोड्याच्या टापा मलाही ऐकू आल्या. सायरन मात्र वाजवला नाही, त्या जागी 'सॉरी' म्हणाला, लोक हसले आणि परत नाचायला लागले. दहाला पाच कमी असताना बंद. दूध अजून आटायचं होतं, मग भेंड्या.

भद्रकालीतल्या भाऊंनी आईंना सांगावं, खिडकीतल्या काकूंनी एका गाण्याची फर्माईश पाठवली होती.

भद्रकालीतला_वैतागलेला
सांगितलं. कुठलं गाणं ते विचारतेय.

बेसवाला_पंचवटी
अभिनंदन साहेब. आरसीए वायर किती लांब ठेवली?

सिडकोकर
दोन मीटर. आणि चार्जर काढला होता.